खुलेपणा : मेहेरबानी की हक्क?

"आमचा फोन सर्वांसाठी खुला आहे" असे गेल्या पंचवीस वर्षांत एकामागून एक कंपन्यांनी जगाला सांगितले. त्यांतल्या काहींनी पुढे तो बंद केला, काहींनी विकून टाकला, काहींनी वाऱ्यावर सोडला. या सगळ्याची गणना व्यापारातील चढउतारांत करून मोकळे होता येते, आणि बहुतेक लिहिणारे तसे होतातही. मला मात्र यात वेगळाच प्रश्न दिसतो. खुलेपणा कोणी दिला? कशाच्या आधारावर दिला? आणि देणाऱ्याचे मन फिरले तेव्हा त्याला तो परत घेता आला की नाही? हे प्रश्न हाती धरून फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास वाचला, तर विखुरलेल्या घटनांना एक सलग अर्थ लागतो. तो येथे मांडतो.

मी संगणकाचा तज्ज्ञ नाही. एका तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्याच हाती आला, म्हणून मला कागदाचे मोल जरा जास्त वाटते असे मित्र म्हणतात. म्हणोत. माझ्या वर्गातल्या बहुसंख्य मुलामुलींच्या घरी संगणक नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, पुस्तकाचे पान, बँकेचे खाते, नोकरीची जाहिरात, हे सगळे त्यांना एकाच यंत्रात भेटते. त्यांचे ग्रंथालय, टपालघर आणि कचेरी एका हाताएवढ्या काचेत मावलेली आहे. त्या काचेमागे मालकी कोणाची, हा प्रश्न अभियंत्यांवर सोडून देण्याजोगा नाही.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. ज्यांना ती आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फोनचे यंत्र आणि आपण वापरतो ती अ‍ॅप्स यांच्यामधला कारभारी. पडदा, आवाज, मेमरी, सिमकार्ड, सगळ्याची वाटणी तो करतो. हा कारभारी कसा वागेल हे ज्या मजकुरात लिहिलेले असते तो सोर्स कोड. तो वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा असेल तर त्याला ओपन सोर्स म्हणतात. ही मुभा परवान्याने मिळते, आणि परवाने ढोबळमानाने दोन वळणांचे असतात. एक म्हणतो : घ्या, बदला, विका, आणि वाटल्यास तुमचे बदल झाकून ठेवा. अपाची परवाना या वळणाचा. दुसरा म्हणतो : घ्या, बदला, विका, पण पुढे ज्याला द्याल त्यालाही हेच अधिकार द्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला जीपीएल परवाना हा या दुसऱ्या वळणाचा. दुसऱ्यात हक्क पुढच्या माणसापर्यंत चालत जातो. पहिल्यात तो वाटेत थांबवता येतो. हा फरक बारीक वाटतो, पण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे.

आणखी एक गोष्ट. नुसती ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन फोन चालत नाही. त्यावर अ‍ॅप्स लागतात. अ‍ॅप लिहिणारे जेथे गर्दी आहे तेथे जातात, आणि गर्दी जेथे अ‍ॅप्स आहेत तेथे जाते. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमला या चक्रात शिरायला फटच राहत नाही. ती फट पाडण्याचे एकच साधन आहे : एकदा लिहिलेले अ‍ॅप निरनिराळ्या सिस्टिमवर चालले पाहिजे. म्हणून असे सर्वत्र चालणारे अ‍ॅप लिहिण्याची हत्यारे कोणाच्या मुठीत आहेत, हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमच्या मालकीइतकाच महत्त्वाचा ठरतो. या क्षेत्रातले पहिले मोठे नाव जावा. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये लहान यंत्रांसाठी जावाची आवृत्ती जाहीर केली. एकदा लिहा आणि कोठेही चालवा, ही जावाची घोषणा. प्रत्यक्षात प्रत्येक हँडसेटचा पडदा वेगळा, मेमरी वेगळी, कळांची मांडणी वेगळी, आणि कंपनीने आत बसवलेली जावाही वेगळी. एकच खेळ डझनावारी आवृत्त्यांत बांधावा लागे. घोषणा आणि अंमलबजावणी यांतले अंतर या नियतकालिकाच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको.

त्या काळात फोनच्या जगावर राज्य होते नोकियाचे, आणि नोकियाच्या महागड्या फोनांत होती सिंबियन. ब्रिटनमधील सायन कंपनीच्या कोडवर नोकिया, एरिक्सन, मोटोरोला यांनी मिळून १९९८ मध्ये ती उभी केली. दहा वर्षे ती बंद होती. अँड्रॉइड आणि आयफोन दाराशी आल्यावर नोकियाने सिंबियन विकत घेतली, एक प्रतिष्ठान स्थापले आणि ४ फेब्रुवारी २०१० रोजी तिचा संपूर्ण कोड खुला केला. लाखो ओळींचा तो कोड खुला होणे ही त्या वेळी मोठीच बातमी होती. पण वर्षही पुरे झाले नाही. डिसेंबर २०१० मध्ये प्रतिष्ठानाने आपला गाशा गुंडाळला आणि २०११ मध्ये नोकियाने सिंबियनचा पुढचा कोड स्वतःच्या बंद परवान्याखाली नेला. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर एकदा परवान्याखाली बाहेर पडलेला कोड परत घेता येत नाही. ज्यांनी तो उतरवून घेतला त्यांच्याजवळ तो राहिला. परंतु ऑपरेटिंग सिस्टिम ही साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे, ती वाहत्या पाण्यासारखी आहे. वरून पाणी बंद झाले की हंड्यातले किती दिवस पुरणार?

याच नोकियाच्या घरात दुसरी एक गोष्ट घडली आणि तिचा शेवट वेगळा झाला. मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्याजोगी वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

नॉर्वेतील ट्राँडहाइम येथे हावार्ड नोर्ड आणि आइरिक शांबे-एंग या दोघांनी १९९१ पासून एक हत्यार घडवायला घेतले. खिडक्या, बटणे, याद्या हे सगळे एकदाच लिहायचे आणि ते वेगवेगळ्या संगणकांवर चालवायचे, असा त्याचा हेतू. १९९४ मध्ये त्यांनी कंपनी काढली. ती पुढे ट्रोलटेक नावाने ओळखली गेली. हत्याराचे नाव क्यूट. १९९६ मध्ये जर्मनीतील विद्यार्थी मथियास एट्रिश याने लिनक्ससाठी सामान्य माणसाला वापरता येईल असा पडदा तयार करण्याची हाक दिली आणि त्यातून केडीई हा स्वयंसेवकांचा प्रकल्प उभा राहिला. त्यांनी पायाला क्यूट घेतले. आणि येथेच भांडण पेटले, कारण क्यूट तेव्हा फुकट मिळत असले तरी खुले नव्हते. कोड बघता येई, पण बदलून वाटता येत नसे. परक्याच्या जमिनीवर घर बांधताय, उद्या त्याने उठवले तर जाल कुठे, असा सवाल मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी केला. १९९७ मध्ये काही जणांनी वेगळे होऊन ग्नोम हा प्रकल्प सुरू केला तो याच कारणाने.

केडीईच्या लोकांपुढे दोन वाटा होत्या : मालकावर विश्वास ठेवून राहायचे किंवा निघून जायचे. त्यांनी तिसरी काढली. मालकाला कागदावर आणले. जून १९९८ मध्ये ट्रोलटेक आणि केडीई यांच्यात करार होऊन एक प्रतिष्ठान स्थापन झाले. कराराचा गाभा असा : कंपनीने बारा महिन्यांत क्यूटची नवी मुक्त आवृत्ती प्रसिद्ध केली नाही, तर क्यूट अत्यंत सैल अशा बीएसडी परवान्याखाली जगाला देऊन टाकण्याचा अधिकार प्रतिष्ठानाला राहील. प्रतिष्ठानावर दोघे केडीईचे, दोघे कंपनीचे. मते समसमान पडली तर केडीईची बाजू निर्णायक.

या कलमाला दात कसे आहेत ते पाहा. ट्रोलटेक पोट भरत होती ती क्यूटचे बंद परवाने विकून. ज्यांना आपला कोड झाकून ठेवायचा आहे त्यांनी पैसे मोजावेत, असा धंदा. बीएसडी परवान्याखाली क्यूट गेले की कोणालाही फुकटात झाकपाक करता येईल आणि हा धंदाच बुडेल. म्हणजे खुलेपणा मोडण्याची शिक्षा मोडणाऱ्याच्याच खिशाला बसते. कोणाच्या भलेपणावर काही सोपवलेले नाही. पुढे २००० साली कंपनीने क्यूट जीपीएलखाली आणले.

मग क्यूट फोनांत शिरले. २००३ च्या मोटोरोला ए७६० या लिनक्सवर चालणाऱ्या फोनमध्ये ते होते. २००८ मध्ये नोकियाने अख्खी ट्रोलटेक विकत घेतली. हिशेब सरळ होता. नोकियाजवळ एकीकडे सिंबियन, दुसरीकडे डेबियन लिनक्सवर उभी केलेली मेमो. २००९ चा एन९०० हा तिचा गाजलेला फोन. एकच अ‍ॅप दोन्हींवर चालले तर अ‍ॅप लिहिणारे टिकतील, असा तो हिशेब. त्यासाठी २००९ मध्ये परवाना आणखी सैल करून एलजीपीएल केला गेला. २०१० मध्ये मेमो आणि इंटेलची मोबलिन एकत्र करून मीगो झाली. योजना वाईट नव्हती. उशिरा सुचली एवढेच.

११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनमध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर एका व्यासपीठावर आले आणि नोकियाचे यापुढचे फोन विंडोजवर चालतील असे जाहीर झाले. विंडोज फोनवर क्यूटला जागा नव्हती. ज्यांनी दोन-तीन वर्षे राबून क्यूट शिकले, अ‍ॅप्स लिहिली, त्यांच्या श्रमाची किंमत एका सकाळीत उतरली. मीगोवरचा एन९ त्याच वर्षी बाजारात आला, जाणकारांनी वाखाणला, आणि जन्मतःच पोरका झाला. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. तोही पुढे संपला.

क्यूट मात्र संपले नाही. नोकियाने ते २०१२ मध्ये फिनलंडच्या डिजिया कंपनीला विकले. पुढे त्याची स्वतंत्र कंपनी झाली. मालक बदलत गेले, पण १९९८ चा तो कागद प्रत्येक विक्रीत जमिनीवरच्या बोजासारखा नव्या मालकाच्या गळ्यात पडत गेला. सातबारा वाचता येणाऱ्याला बोजा म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०१३ मध्ये क्यूट अँड्रॉइड आणि आयफोनवर चालू लागले. २०२० मध्ये नव्या आवृत्त्या पहिले वर्षभर फक्त पैसे भरणाऱ्यांनाच देण्याचा विचार कंपनीत चालला असल्याचे केडीईच्या प्रतिनिधीने जाहीर केले, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला खुलासा करावा लागला. त्या वादात 'बारा महिने' हा आकडा कोठून आला? त्याच कराराच्या कलमातून. मालक कितीही ताणू पाहील, पण कागदाने घातलेल्या रेषेपर्यंतच. नोकियातून बाहेर पडलेल्या लोकांची सेलफिश, केडीईची प्लाझ्मा मोबाइल, उबंटू टच, या सगळ्या आजही क्यूटवर उभ्या आहेत.

उबंटू टचची गोष्ट दोन वाक्यांत सांगण्यासारखी आहे. कॅनॉनिकल कंपनीने ती २०१३ मध्ये जाहीर केली आणि एप्रिल २०१७ मध्ये सोडून दिली. कोड जीपीएलखाली होता म्हणून स्वयंसेवकांनी तो उचलला, आणि कंपनीने टाकलेले मूल वस्तीने वाढवावे तसे ते काम यूबीपोर्ट्स या नावाने पुढे चालवले.

केडीईच्याच स्वयंसेवकांनी आणखी एक गोष्ट जगाला दिली, जिची जगाला फारशी जाणीव नाही. वेबपाने दाखवणारे केएचटीएमएल नावाचे इंजिन त्यांनी घडवले. अ‍ॅपलने त्यावरून आपला सफारी ब्राउझर तयार केला आणि जानेवारी २००३ मध्ये तो जाहीर केला. परवाना एलजीपीएल असल्याने बदललेला कोड परत देणे अ‍ॅपलला भाग होते. तो तिने दिला, पण गठ्ठ्याने, कोणाला सहज समजणार नाही असा. केडीईवाल्यांनी उघड तक्रार केल्यावर जून २००५ मध्ये अ‍ॅपलने वेबकिटचे काम जगापुढे मांडले. पुढे नोकियाच्या फोनांत, आयफोनमध्ये, सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये वेब दाखवले ते याच इंजिनाने. क्रोमचे आजचे इंजिनही त्याच्याच पोटचे. जगातल्या अब्जावधी फोनांत आज ज्यांचे श्रम चालतात त्यांतल्या कितीतरी जणांना त्याचा पगार कधी मिळाला नाही. नावही राहिले नाही. मात्र परवाना होता म्हणून कोड तरी राहिला.

आता अँड्रॉइडकडे येऊ, कारण माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात तेच आहे.

अँड्रॉइड ही २००३ मध्ये निघालेली लहान कंपनी गूगलने २००५ मध्ये घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी हँडसेट कंपन्यांची आघाडी जाहीर झाली, २००८ मध्ये पहिला फोन आला. तळाशी लिनक्सचा गाभा, तो जीपीएलखाली. त्यावरचा बहुतेक डोलारा अपाची परवान्याखाली. कोणीही घ्यावे, काहीही करावे. कंपन्यांनी घेतले, आणि जग व्यापले. स्वस्त फोन आपल्या खेड्यांत पोचले त्याचे बरेच श्रेय या खुलेपणाला आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु ज्या आधाराने ते दिले गेले तो आधार तपासा. करार नाही, प्रतिष्ठान नाही, वेळेची अट नाही. गूगलने कोड द्यायचे ठरवले म्हणून दिला. मग हळूहळू काय घडले? शोध, संगीत, कॅलेंडर, कीबोर्ड अशी एकेक खुली अ‍ॅप्स मागे पडत गेली आणि त्यांच्या जागी गूगलची बंद अ‍ॅप्स आली. २०१२ पासून प्ले सर्व्हिसेस नावाचा एक बंद थर आला. फोन कोठे आहे हे ओळखण्यासारखी कामे त्या थरात गेली, आणि अ‍ॅप लिहिणारे सवयीने त्यावर टेकू लागले. म्हणजे घर खुले, पण विहीर, जिना आणि दिवा मालकाच्या खोलीत. खुला अँड्रॉइड घेऊन कोणी स्वतंत्र फोन काढला तर आपली नेहमीची कित्येक अ‍ॅप्स त्यावर अडखळतात, ती यामुळे.

ही बंद अ‍ॅप्स हवी असतील तर फोन कंपनीला करार करावा लागे, आणि त्यात अट अशी की अँड्रॉइडची फोड करून केलेली दुसरी कोणतीही सिस्टिम असलेला एकही फोन विकायचा नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी अलीबाबाच्या अलीयुन सिस्टिमचा फोन शांघायमध्ये आणणार होती. कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये अशा अटींसाठी गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो थोडा कमी करून ४१२.५ कोटींवर आणला. आपल्याकडे तीन तरुणांच्या तक्रारीवरून चौकशी होऊन भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही आदेश काढून टाकले. इतर कंपन्यांची अ‍ॅपची दुकाने प्ले स्टोअरमधून मिळू द्यावीत, हा त्यांतलाच एक. खुलेपणाचा आधार परवान्यात नसला की तो असा दहा वर्षांनी, दंडाच्या वाटेने, अर्धामुर्धा मागावा लागतो.

अँड्रॉइडच्या पोटातला लिनक्सचा गाभा मात्र जीपीएलखाली आहे, म्हणून फोन बनवणाऱ्याने त्या गाभ्याचा कोड देणे बंधनकारक आहे. पुष्कळ कंपन्यांनी तो वेळेवर दिला नाही. लिहिलेला हक्कही आपोआप चालत येत नाही. कोणीतरी उठून मागावा लागतो. जर्मनीतील हाराल्ड वेल्टे हा लिनक्सचा एक लेखक २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयात गेला आणि जीपीएल हा बंधनकारक परवाना आहे असा निर्णय त्याने मिळवला. पुढच्या वर्षी हानोव्हरच्या प्रदर्शनात दालनोदालनी हिंडून त्याने कंपन्यांच्या हाती नोटिसा दिल्या. पुढे हाच माणूस तैवानच्या ओपनमोको या खुल्या फोनच्या कामात होता. तो फोन २००७ मध्ये आला आणि २००९ मध्ये त्याचे काम थांबले. पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही. लिनिएजओएससारखे प्रकल्प कंपनीने टाकून दिलेल्या जुन्या फोनांत नवे अँड्रॉइड घालतात, त्यांचा संसार गाभ्याच्या या कोडवर चालतो. पण त्यातही एक मेख आहे. कंपनी फोनच्या सुरुवातीच्या दारालाच कुलूप घालते. मग कोड तुमच्याजवळ असतो, बदललेलाही असतो, आणि तुम्ही विकत घेतलेला फोन तो आत घेत नाही. २००७ च्या तिसऱ्या जीपीएलमध्ये याविरुद्ध कलम घातले गेले, पण लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. लिनस टोर्वाल्ड्स यांना ते कलम पटले नाही. मला त्यांचा युक्तिवाद पटत नाही, परंतु तो त्यांचा कोड आहे.

वेबच्याच भाषेत सगळा फोन लिहावा, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या दुकानाची गरज उरणार नाही, हा विचार मोझिलाने जुलै २०११ मध्ये मांडला. त्यातून फायरफॉक्स ओएस झाली. तत्त्वाच्या दृष्टीने सर्वत्र चालणाऱ्या अ‍ॅपची ही सर्वांत सरळ वाट होती. २०१३ मध्ये स्पेनमध्ये पहिले फोन आले. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात इंटेक्सने १,९९९ रुपयांना क्लाउड एफएक्स आणला. मेमरी अवघी १२८ एमबी. तो चाले, पण रडतखडत. त्याहून मोठी अडचण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपने या सिस्टिमसाठी अ‍ॅप केले नाही. आपल्याकडे ज्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप नाही तो फोन दुकानदार पुन्हा पेटीत ठेवतो. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने हा उद्योग आवरता घेतला.

यानंतरचा भाग बोधप्रद आहे. तोच कोड घेऊन कायओएस निघाली, आणि जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेल्या, १,५०० रुपये परतीची अनामत घेऊन मिळणाऱ्या जिओफोनमध्ये ती बसली. माझ्या आईच्या हाती स्वतःचा म्हणून आलेला पहिला फोन हाच. बटणांचा, म्हणून तिला भीती वाटली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही आले. जे मोझिलाच्या तत्त्वाला मिळाले नाही ते जिओच्या गिऱ्हाइकांच्या संख्येला मिळाले. पण त्या फोनवर अ‍ॅप घालता येई ते फक्त कंपनीच्या दुकानातून. ज्या वेबच्या मोकळेपणासाठी तो कोड लिहिला गेला, तो मोकळेपणा फोन हाती घेणाऱ्यापर्यंत पोचलाच नाही. सैल परवान्याने वाटेत थांबू दिला. मोझिलाचे कार्यकर्ते याला यश म्हणतात की अपयश, मला ठाऊक नाही. मी स्वतः याला निम्मे यश म्हणेन, कारण आईचा फोन त्यामुळेच स्वस्त होता.

आपल्या लिपीचा संबंध आला म्हणून तेही सांगतो. मी पदवीला होतो तेव्हा माझ्या जुन्या बाजारातून घेतलेल्या फोनवर मराठी पान उघडले की ओळीच्या ओळी चौकोन दिसत. कधी अक्षरे दिसलीच तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडत. ऑपेरा मिनीच्या एका लपलेल्या पानावर जाऊन अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय चालू केला की मजकूर नीट दिसे. ही युक्ती वसतिगृहात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली होती. इंजिनिअरिंगचा कोणी नव्हता आमच्यात. पुढे फोनांत देवनागरी नीट जुळू लागली ती हार्फबझ नावाच्या खुल्या कोडमुळे. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रामरने तो जोपासला. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुले. आपण 'त्याने हरफही काढला नाही' म्हणतो तोच हा हरफ. अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, सगळ्यांत हा कोड आहे. याचा परवाना सैल आहे, आणि तरी तो टिकला. माझ्या मांडणीत हे बसत नाही असे कोणी म्हणेल. पण त्याचा कोणी एक मालक नाही आणि एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या अनेकांना तो लागतो, हे विसरू नये.

अँड्रॉइडच्या भाषांच्या यादीत मराठी आली २०१४ च्या ५.० आवृत्तीत. तीही दिली म्हणून आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर बावीसही भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी व हिंदीशिवाय आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. मुदत पुढे ढकलली गेली, पण भाषेचा प्रश्न कंपनीच्या मर्जीतून कायद्यात आला तो या आदेशाने.

मार्च २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की अँड्रॉइडचे सर्व काम यापुढे आतल्या आत चालेल आणि कोड आवृत्ती तयार झाल्यावर बाहेर येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये दुसरी घोषणा आली : प्ले स्टोअरच्या बाहेरून, थेट फोनवर घालायचे अ‍ॅपसुद्धा ज्याने लिहिले त्याने गूगलकडे आपली ओळख नोंदवलेली असली पाहिजे. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि त्यानंतर इतरत्र. २०१० पासून फक्त खुली अ‍ॅप्स वाटणाऱ्या एफ-ड्रॉइडने लगेच सांगितले की असे झाले तर आपले काम आजच्या रूपात चालणार नाही. नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू असे म्हटले. ती वाट किती रुंद, ती कधी बंद करायची, हे ठरवणारे तेच. आपल्या अंगणवाडीताईसाठी हजेरीचे छोटे अ‍ॅप लिहून ते गावच्या चार फोनांवर घालणारा विद्यार्थी त्या 'जाणत्यां'त मोडतो की नाही, हे विचारायला जागा नाही. एफ-ड्रॉइडने आपल्या वाचकांना नियामकांकडे आणि लोकप्रतिनिधींकडे तक्रारी करायला सांगितले. करारातले कलम दाखवायला सांगितले नाही. तसे कलम अँड्रॉइडच्या कागदपत्रांत कोठेच नाही.